घरांतील चित्रपोथ्या



तोरण्याच्या पायथ्याशीं वसलेल्या वेल्हें गांवीं आणि आसपासच्या मावळांत पाऊस सुरू झाला म्हणजे चार महिने घराच्या भिंतींची ओल हटत नाहीं. अशा मुलखांत कागद टिकविणें हें सोपें काम नव्हे. तरीहि जुन्या घरांतून पोथ्या टिकून राहिल्या. पोथी फडताळांतून काढावयाची, तिचें तांबडें वस्त्र सोडावयाचें, पानें क्रमानें लावून वाचावयाचीं, आणि वाचन संपलें कीं तशींच बांधून उंच जागीं ठेवावयाचीं, ही शिस्त ज्या घरानें पाळली त्या घरांत आजोबांची पोथी नातवाच्या हातीं आली. जेथें ती पाळली गेली नाहीं, तेथें एखादें पान हरवलें. आणि पान हरवलें कीं कथा तुटली.

या तालुक्याला आतां राजगड हें नांव मिळालें आहे, आणि येथील पुष्कळ तरुण नोकरीनिमित्त पुण्यांत राहतात. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक नव्या जातीची पोथी दिसूं लागली आहे. जाड पुठ्ठ्याची सुबक पेटी, तिच्यावर रंगीत चित्र, आंत सहा-आठ चकचकीत तबकड्या, चित्रांचें एक पुस्तक आणि कांहीं सुटीं चित्रें. जपानी चलच्चित्रांची मालिका, म्हणजे जिला ॲनिमे म्हणतात ती, संग्राहकांसाठीं अशा विशेष आवृत्तींत निघते. तिला कांहीं हजार रुपये पडतात. परदेशाहून मागविली तर टपालहंशील आणि जकात निराळी. घरांतील वडील मंडळी ती पाहून विचारतात, "हीच मालिका तुझ्या फोनवर महिन्याच्या थोड्याशा वर्गणींत दिसते ना रे? मग एवढे पैसे कशाला घातलेस?" मुलगा बहुधा उत्तर देत नाहीं. तो पेटी कपाटांत ठेवतो आणि बोलणें तेथेंच राहतें. परंतु प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरहि आहे. तें समजून घ्यावयाचें तर या पेटीचा पूर्वेतिहास थोडासा पाहिला पाहिजे.

ॲनिमे हें नांव पुष्कळ मराठी घरांना नवें असलें तरी ती वस्तु नवी नाहीं. १९९३ सालीं दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं 'जंगल बुक' ही मालिका लागत असे. मोगलीची ती कथा रड्यर्ड किप्लिंगच्या पुस्तकावरून घेतलेली. परंतु चित्रें जपानांतील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेनें तयार केलेलीं होतीं, आणि जपानांत ती मालिका १९८९-९० सालीं ५२ भागांत दाखविली गेली होती. हिंदी रूपांत शेरखानाला नाना पाटेकर यांनीं आवाज दिला. गुलझार यांनीं लिहिलेलें आणि विशाल भारद्वाज यांनीं स्वरबद्ध केलेलें शीर्षकगीत त्या वेळच्या मुलांच्या तोंडीं असें बसलें कीं तीं मुलें आज स्वतः आईबाप झालीं तरी तें विसरलीं नाहींत. त्याच सालीं 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत दाखविला गेला. युगो साको या जपानी गृहस्थांनीं तो मोठ्या जिद्दीनें उभारला, आणि कोइची सासाकी व आपल्या देशांतील चलच्चित्रकलेचे अध्वर्यु राम मोहन हे दिग्दर्शनांत त्यांचे सहकारी होते. तेव्हां जपानी चित्रमालिकांशीं आपला परिचय एका पिढीचा तरी आहेच.

जपानांत दूरचित्रवाणीवरील या मालिकांची परंपरा १९६३ च्या १ जानेवारीपासून मानतात. त्या दिवशीं ओसामु तेझुका यांची, पुढें जगभर 'ॲस्ट्रो बॉय' या नांवानें गाजलेली मालिका सुरू झाली. त्या काळीं भाग दाखविला गेला कीं प्रेक्षकाच्या हातून गेला. ज्याचा चुकला त्याचा चुकला. १९७५ व १९७६ सालीं घरीं चित्रफीत लावण्याचीं यंत्रें बाजारांत आलीं आणि परिस्थिति पालटली. १९८३ च्या अखेरीस 'डॅलोस' नांवाची मालिका निघाली. ती चित्रपटगृहांत लागली नाहीं आणि दूरचित्रवाणीवरहि लागली नाहीं. तिच्या फिती सरळ दुकानांत विकावयास ठेवण्यांत आल्या. घरीं विकत नेऊन पाहावयाची चित्रकथा ही एक स्वतंत्र जातच त्यापासून सुरू झाली. लेझर-तबकडी, १९९६ सालीं डीव्हीडी आणि २००६ सालीं ब्लू-रे, अशीं साधनें पालटत गेलीं. पण कथा विकत घेऊन घरीं ठेवावयाची ही चाल कायम राहिली.

या चालीमागें केवळ हौस नव्हती, अर्थशास्त्रहि होतें. चित्रमालिका काढावयास खर्च फार. तो एका संस्थेस झेपेना, म्हणून प्रकाशक, ध्वनिमुद्रिका काढणारे, खेळणीं करणारे अशा अनेकांनीं भांडवल एकत्र करावयाची रीत पडली. मध्यरात्रीनंतर दाखविल्या जाणाऱ्या कित्येक मालिकांच्या बाबतींत तर प्रक्षेपण ही एक प्रकारची जाहिरातच होती. खर्च निघावयाचा तो तबकड्यांच्या विक्रींतून. घेणारे थोडे, म्हणून किंमत भारी. जपानी तबकडींत बहुधा दोन-तीनच भाग असत, आणि बारा-तेरा भागांची मालिका पुरी करावयास सहा-सात तबकड्या घ्याव्या लागत. एवढें द्रव्य देणाऱ्यास कांहीं विशेष द्यावें म्हणून पहिल्या छपाईबरोबर चित्रांचें पुस्तक, गाण्यांची तबकडी, सर्व ठेवावयास पेटी, असे उपचार जोडण्यांत आले. संग्राहकांच्या आवृत्तीचा उगम हा असा आहे.

या उपचारांहून महत्त्वाची अशी एक गोष्ट मात्र बाहेरून दिसत नाहीं. दर आठवड्यास एक भाग पुरा करावयाच्या घाईंत कांहीं चित्रें कच्चीं राहत; कोठें चेहरा बिघडलेला, कोठें पार्श्वभूमि अपुरी. तबकडी काढतांना चित्रकार तीं पुन्हा काढीत. म्हणजे प्रक्षेपण हा पहिला खर्डा, आणि तबकडी ही कर्त्यानें स्वतः तपासून दिलेली शुद्ध प्रत. हिदेआकी आन्नो यांच्या १९९५-९६ सालच्या 'निऑन जेनेसिस एव्हांगेलियन' या २६ भागांच्या मालिकेंत तर २१ ते २४ हे भाग घरगुती आवृत्तीसाठीं नवीं दृश्यें घालून वाढविण्यांत आले. ज्यानें केवळ प्रक्षेपण पाहिलें त्यानें एक मालिका पाहिली, आणि ज्यानें संच घेतला त्यानें किंचित् निराळी पाहिली.

आतां घरांतील वडिलांच्या प्रश्नाकडे वळूं. फोनवर जी मालिका दिसते ती आणि पेटींतील ती, या दोन्ही एकच काय? वरवर पाहतां एकच. वस्तुतः नेहमींच नव्हे. याच 'एव्हांगेलियन'चें उदाहरण घ्या. २०१९ च्या जून महिन्यांत ती नेटफ्लिक्सवर जगभर उपलब्ध झाली, तेव्हां पुष्कळ देशांतील प्रेक्षकांस दोन फरक आढळले. इंग्रजी भाषांतर आणि इंग्रजी आवाज नवे होते. आणि प्रत्येक भागाच्या शेवटीं वाजणारें एक प्रसिद्ध इंग्रजी गीत काढून टाकलेलें होतें. मालिकेचें नांव तेंच, भाग तेवढेच, पण वीस वर्षें लोकांच्या कानांत राहिलेले स्वर मात्र त्यांत नव्हते. २०२१ सालीं अमेरिकेंतील जीकिड्स या संस्थेनें संग्राहकांसाठीं जो ब्लू-रे संच काढला, त्यांत जुने इंग्रजी आवाज आणि नवे, दोन्ही दिले. तें गीत मात्र त्या संचांतहि परत आलें नाहीं. यावरून दोन बोध घ्यावयाचे. एक असा कीं, दूरच्या भांडारांतील कृति मालकाच्या सोयीनें केव्हां पालटेल तें पाहणाऱ्याच्या हातीं नाहीं. दुसरा असा कीं, पेटीवर 'संग्राहकांची आवृत्ति' एवढें छापलें म्हणून ती परिपूर्ण असतेच असें नाहीं. आंत काय आहे तें पाहूनच घ्यावें.

याहून बोलकें उदाहरण २०२४ सालचें. अमेरिकेंतील फनिमेशन ही संस्था तबकड्यांबरोबर एक संकेतांक देत असे. तो भरला म्हणजे तीच मालिका तिच्या भांडारांतहि गिऱ्हाइकाच्या नांवें जमा होई. पुढें ती संस्था क्रंचीरोल या दुसऱ्या संस्थेंत विलीन झाली आणि २ एप्रिल २०२४ रोजीं तिचें भांडार बंद झालें. गिऱ्हाइकांच्या नांवें जमा असलेल्या त्या प्रती नव्या ठिकाणीं नेण्यांत आल्या नाहींत. ज्यांच्या कपाटांत तबकड्या होत्या त्यांच्या तबकड्या राहिल्या. ज्यांनीं केवळ भांडारावर भिस्त ठेवली त्यांचें सर्व गेलें. पैसे देऊन वस्तु घेणें आणि पैसे देऊन ती पाहावयाची परवानगी घेणें, यांतील भेद या एका तारखेनें लोकांस जितका समजला, तितका दहा व्याख्यानांनींहि समजला नसता.

हा प्रश्न परदेशापुरता नाहीं. आपल्याकडील 'जंगल बुक'चाच विचार करा. जपानी संग्राहकासाठीं निघणाऱ्या संचांत जपानी आवाज व जपानी गीत असणार; आपल्या गुलझारांच्या शब्दांना त्यांत जागा असण्याचें कारण नाहीं. परंतु मराठी मुलाच्या दृष्टीनें तीच मूळ मालिका होती. 'रामायण' या चित्रपटाची गोष्टहि अशीच आहे. जुन्या हिंदी आवृत्तींत अरुण गोविल यांचा रामाचा आवाज आणि अमरीश पुरी यांचा रावणाचा आवाज होता. २४ जानेवारी २०२५ रोजीं हा चित्रपट नव्यानें स्वच्छ केलेल्या प्रतीनिशीं भारतांतील चित्रपटगृहांत आला, तो हिंदी, तमिळ व तेलुगु भाषांतील नव्या आवाजांसह. नवें चांगलें असेल. पण जुनें कोठें राहिलें, हा प्रश्न उरतोच. कृतीबरोबर तिचीं निरनिराळीं रूपें जपणें, हें संग्रहाचें खरें काम आहे.

आणि जपलें नाहीं तर काय होतें, हें महाराष्ट्राला कोणीं शिकवावयास नको. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आज पुरा उपलब्ध नाहीं; त्याचा कांहीं अंशच वांचला आहे. १९३१ सालचा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकहि प्रत ज्ञात नाहीं. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि पी. के. नायर यांच्यासारख्या चिकाटीच्या माणसानें देशभर हिंडून रिळें गोळा केलीं, म्हणून जें वांचलें तें वांचलें. परंतु त्याच पुण्यांत २००३ च्या जानेवारींत जुन्या ज्वालाग्राही फितींच्या कोठारास आग लागली आणि हजारों रिळें जळालीं. चित्रपट तेव्हां घराघरांत नव्हता. प्रती थोड्या, त्याहि एका ठिकाणीं. त्या एका ठिकाणीं ठिणगी पडली कीं सारेंच संपलें.

एका ठिकाणच्या ठेवीचें भय वेल्ह्याच्या मुलखास निराळें सांगावयास नको. याच तालुक्यांतील आंबी नदीवरचें पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें. त्या पाण्यानें खडकवासल्याचें धरण फोडलें आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडविल्या. माणसें गेलीं, घरें गेलीं, आणि घरांबरोबर कपाटांतील पुस्तकें, कागद, तसबिरी, तबकड्या, पिढ्यांनीं जमविलेलें सारें गेलें. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं होती तें पुन्हा मिळालें. जें हस्तलिखित एकच होतें तें कायमचें गेलें. म्हणून ठेव जपावयाची तर ती एका मोठ्या कोठारांत असून भागत नाहीं; ती शंभर लहान घरांतहि असली पाहिजे. संग्राहकांच्या पेट्या जेव्हां हजारों घरांत जाऊन बसतात, तेव्हां नकळत हेंच कार्य घडत असतें. कोणा एकाच्या घरीं पूर येईल, दुसऱ्याच्या घरीं वाळवी लागेल, तिसऱ्याचा मुलगा तबकडी मोडील; तरी कृति जगेल.

एका जुन्या कलेचें उदाहरण येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथें ठाकर समाजांतील चित्रकथी कलावंत रामायण-महाभारतांतील आख्यानें चित्रांच्या आधारें सांगत आले आहेत. एकेका आख्यानाचीं चित्रें सुट्या कागदांवर काढलेलीं असतात, आणि त्या संचास पोथी असेंच म्हणतात. एक चित्र पुढें करावयाचें, गाऊन कथा सांगावयाची, मग दुसरें पुढें करावयाचें. अशा चित्रांच्या बाबतींत सर्वांत मोठा घात होतो तो संच फुटल्यानें. एक चित्र एका संग्रहांत आणि दुसरें दुसऱ्या संग्रहांत गेलें म्हणजे चित्र राहतें, पण आख्यान नाहींसें होतें. परशुराम गंगावणे यांना या कलेच्या जतनाबद्दल २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, तो मान चित्रांचा आहे तसाच कथा सलग ठेवण्याचाहि आहे. जपानी पेटींतील आठ तबकड्यांनाहि हाच न्याय लागू पडतो. पांचवी हरवली कीं उरलेल्या सात म्हणजे नुसती शोभा.

शोभेचा हा विषय निघालाच आहे, तर संग्राहकांच्या एका दोषाबद्दलहि बोललें पाहिजे. कित्येक जण पेटी घेतात आणि तिचें वरचें पारदर्शक वेष्टनसुद्धां काढीत नाहींत. मोजक्याच प्रती निघाल्या आहेत, पुढें दुप्पट किंमत येईल, असा हिशेब त्यामागें असतो. हा सोन्याच्या वळ्याचा हिशेब झाला, कथेचा नव्हे. न उघडलेली पोथी वाळवीला आधीं सांपडते, कारण तिच्याकडे कोणाचें लक्षच नसतें. तबकडींतहि दोष असूं शकतो, ती सदोष छापलेली असूं शकते. ती लावून पाहिल्यावांचून तें कळत नाहीं, आणि दहा वर्षांनीं कळलें तर बदलून देणारें दुकान उरलेलें नसतें.

घेणाऱ्यानें व्यवहाराच्या चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तबकड्यांना प्रदेशाचें बंधन असतें. डीव्हीडीच्या बाबतींत अमेरिका पहिल्या, जपान दुसऱ्या आणि भारत पांचव्या विभागांत येतो. ब्लू-रेच्या बाबतींत जपान व अमेरिका 'ए' विभागांत, तर भारत 'सी' विभागांत. तेव्हां परदेशी संच आपल्या यंत्रावर चालेल कीं नाहीं तें आधीं पाहावें. हजारों रुपये घालून आणलेली पेटी यंत्रानें नाकारली, असें होऊं देऊं नये. जपानी संचांत इंग्रजी भाषांतर बहुधा नसतें, हेंहि विसरूं नये. बाजारांत स्वस्त नकली संच पुष्कळ मिळतात. त्यांची पेटी सुंदर आणि आंतील चित्र अंधुक, व भाषांतर हास्यास्पद असतें. शेवटीं जतनाची गोष्ट. तबकड्या उभ्या ठेवाव्या, कडेला धरून उचलाव्या, त्यांवर लेखणीनें लिहूं नये, आणि पावसाळ्यांत कपाट भिंतीपासून थोडें दूर ठेवून आंत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्या. ज्या यंत्रावर त्या लागतात तें यंत्रहि जपावें. पुष्कळ घरांत व्हीएचएसच्या फिती आहेत, पण त्या लावावयास यंत्र उरलेलें नाहीं, ही गोष्ट बोलकी आहे.

आणखी एक अडचण सांगितल्यावांचून हा विचार पुरा होत नाहीं. एवढा खर्च प्रत्येक घरास परवडणार नाहीं, आणि परवडावा असेंहि नाहीं. एकेकाळीं आपल्याकडे मोझर बेअर या कंपनीनें २८ रुपयांस चित्रपटाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांस डीव्हीडी विकली होती, तेव्हां मध्यम वर्गाच्या घरांतहि मराठी चित्रपटांचा छोटासा संग्रह झाला. तो काळ गेला. आतां तबकडी ही हौशी माणसाची वस्तु झाली आहे. अशा वेळीं चार मित्रांनीं मिळून एक संच घ्यावा, आळीपाळीनें न्यावा, आणि शेवटीं तो एखाद्या वाचनालयास द्यावा, हें पेटी एकट्यानें कपाटांत कोंडण्यापेक्षां अधिक शहाणपणाचें आहे. तालुक्याच्या गांवच्या वाचनालयांत पुस्तकांशेजारीं अशी एक पेटी असली, आणि सुट्टीच्या दिवशीं मुलांना ती दाखवितां आली, तर ज्या मुलाच्या घरीं हजारों रुपये नाहींत त्यालाहि ती चित्रकथा सलग आणि शुद्ध रूपांत पाहावयास मिळेल.

तेव्हां वडील मंडळींच्या प्रश्नाचें उत्तर असें. फोनवर दिसणारी कथा पाहावयास पुरेशी आहे. पण ती आपली नव्हे, आणि उद्यां ती तशीच असेल असेंहि नाहीं. पेटींतील कथा आपली आहे, मात्र ती आपली असल्याचें कर्तव्यहि तिच्याबरोबर घरांत येतें. जो तरुण ती उघडतो, क्रमानें पाहतो, धाकट्या भावंडांस दाखवितो, दुसऱ्यास देतो आणि परत आल्यावर तबकड्या मोजून ठेवतो, त्यानें पैसे वायां घातले असें म्हणतां येणार नाहीं. आणि घरांतील वडिलांनींहि एखाद्या संध्याकाळीं त्याच्याजवळ बसून पहिला भाग पाहावा. कथा कळली नाहीं तर मुलास विचारावें. तो आनंदानें सांगेल, आणि इतके दिवस जें बोलणें खुंटलें होतें तेंहि त्या निमित्तानें सुरू होईल.